व्हिसा १० वर्षांचा, मुक्काम नव्हे

महोदय,
लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आमच्या शेजारच्या काकू डिंकाचे लाडू वळता वळता म्हणाल्या, "व्हिसा १० वर्षांचा आहे, हवं तितकं राहता येईल." एजंटानेच तसं सांगितलेलं. ऐकून धस्स झालं. बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसा दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा ६ महिने. मुक्काम संपायची ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असते, ऑनलाइन दिसते. ती उलटूनही तिथेच राहिलं की १० वर्षांचा व्हिसाही बाद. मुक्काम वाढवायचाच तर मुदत संपण्याआधी आय-५३९ अर्ज करावा लागतो. तिकडच्या मुलांना कळकळीची विनंती : आईबाबा उतरले की त्याच रात्री ती तारीख काढा आणि मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा.

– एक वाचक, डोंबिवली