आजीच्या डबीतला चुना

सांगली

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

"ग्वादालाहारात सगळं मिळतं, भाकरी तेवढी नाही," असं तू म्हणालास, तेव्हापासून मी तुझ्या त्या मेक्सिकोतल्या तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीच्या, मागे लागले आहे. मक्याची जाड भाकरी मला जमते. पण तुझ्या फोटोतल्यासारखी पातळ, दुमडली तरी न मोडणारी काही होईना. थापताना कडा फाटायच्या, उचलताना तुकडे पडायचे.

मग कळलं, तिकडे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. निस्तामाल म्हणतात त्याला. आणि चुना कुठला, तर पानाला लावतो तोच! आजीकडे डबी मागितली, तर तिला वाटलं सून या वयात पान खायला लागली.

अर्धा किलो मका, चमचाभर चुना, दीडेक लिटर पाणी. स्टीलच्या पातेल्यात पाऊण तास उकळलं आणि रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी पाणी पिवळंधमक, दाणे चोळले की सालं हातात. वास थेट दिवाळीआधी भिंतींना चुना लावायचे तसा. चार पाण्यांनी धुतला, पण मिक्सरमध्ये फिरेना. पाणी घालावं तर पीठ सैल. शेवटी पाटा-वरवंटा काढला. तिकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मेताते नावाच्या दगडावर हेच वाटत आल्या. माझे खांदे दोन दिवस दुखत होते, त्यांचं काय होत असेल!

प्लॅस्टिकच्या दोन कागदांत गोळा ठेवून ताटलीनं दाबला. तव्यावर दुसऱ्यांदा उलटली आणि टम्म फुगली रे!

बाबांनी वाचून सांगितलं, चुन्यामुळे मक्यातलं ब-३ जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला, ही युक्ती नाही नेली. तिथे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा, कातडी सोलून निघायची. बी नेलं आणि ते रांधणाऱ्या बायकांना कुणी काही विचारलंच नाही, दुसरं काय.

तू मात्र विचार. कोपऱ्यावरच्या तोर्तियेरियातल्या बाईंना म्हणावं, सालं सगळी काढायची की थोडी ठेवायची? मी सगळी काढली, पीठ कोरडं वाटलं. स्पॅनिश मोडकीतोडकी बोललास तरी चालेल.

आजीनं तिखटाच्या गोळ्याबरोबर दोन खाल्ल्या. "भाकरीच की," म्हणाली. मिरचीसुद्धा मुळात तुमच्या तिकडचीच, हे तिला अजून सांगितलेलं नाही. डबी रिकामी केली म्हणून आधीच रुसली आहे.

तुझी,
आई