शिशाचं सोनं झालं, पण किती?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतल्या लेखाने कोल्ड फ्युजन, म्हणजे शीत संलयन (हलके अणुगर्भ साध्या तापमानालाच जोडून ऊर्जा मिळवणं), आणि एका मूलद्रव्याचं दुसऱ्यात रूपांतर, या दोन गोष्टी ‘उद्या येऊ घातलेल्या’ म्हणून एकाच दावणीला बांधल्या आहेत. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

आधी सोन्याचं. लेखात सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेचं नाव आहे, आकडा नाही. शिशाच्या अणूत ८२ प्रोटॉन असतात, सोन्याच्या ७९. सर्नच्या त्वरकात, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, शिशाचे अणुगर्भ एकमेकांना न धडकता अगदी जवळून गेले, की कधीकधी नेमके तीन प्रोटॉन उडतात आणि शिशाचं सोनं होतं. २०१५ ते २०१८ या काळात असे ८,६०० कोटी अणुगर्भ तयार झाले, असा ‘ॲलिस’ प्रयोगाचा हिशेब आहे. ऐकायला घबाड वाटतं. वजन भरतं २९ पिकोग्रॅम, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. याच वेगाने तोळाभर सोनं जमवायचं तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या शंभरपट काळ लागेल. शिवाय ते जमत नाहीच, तयार होता होता नळीच्या भिंतीवर आदळून फुटतं. आता भाव पडणार म्हणून माझ्या शेजारणीने मुलीच्या पाटल्या करायच्या थांबवल्या आहेत. तिला हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवला. तिला पेपरात छापलेलं जास्त खरं वाटतं. म्हणून हे पत्र.

मुळात मूलद्रव्य पालटणं ही उद्याची गोष्ट नाही. रदरफोर्डने नायट्रोजनचा अणुगर्भ फोडल्याचा शोधनिबंध १९१९ सालचा. त्यात नायट्रोजनचा ऑक्सिजन होतो, हे ब्लॅकेटने १९२५ मध्ये दाखवलं. आणि आता तर ते आपल्या गावात रोजचं काम आहे. माझ्या धाकट्या बहिणीला थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन द्यायचं होतं. डोस आला तो शिशाच्या जाड डब्यात. (शिसं इथेही आहे, पण किरण अडवायला.) तंत्रज्ञाने लांब चिमट्याने बाटली ठेवली, स्ट्रॉ घातली आणि दाराबाहेर जाऊन म्हणाला, “हं, घ्या आता.” ते आयोडीन जन्माने आयोडीन नव्हतंच. ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून ते बनवतात, आणि वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेमार्फत ते रुग्णालयांत जातं. दर आठ दिवसांत उरलेलं निम्मं संपतं. संपतं म्हणजे त्याचं झेनॉन होतं. टेल्युरियम, आयोडीन, झेनॉन. यातला शेवटचा पालट माझ्या बहिणीच्या गळ्यात झाला आणि तिला काही कळलंही नाही. दिवसभर ती वेगळ्या खोलीत एकटीच बसायचं म्हणून कुरकुरत होती, तेवढंच.

शीत संलयनाचं मात्र असं नाही. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी शोधनिबंध छापून येण्याआधीच पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात पॅलेडियम या धातूची कांडी बुडवून वीज सोडली की घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळते, आणि ती त्या पाण्यातल्या ड्युटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, संलयनातून येते, असा दावा होता. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. तसलंच उपकरण आमच्या प्रयोगशाळेत होतं, फक्त कांड्या ग्राफाइटच्या. चार दिवस मी हवेत होते. मग न्यूट्रॉनचा हिशेब वाचला. संलयनातून नुसती एक वॉट उष्णता मिळाली, तरी सेकंदाला लाख कोटीच्या आसपास न्यूट्रॉन सुटायला हवेत. टेबलाशी तासभर उभ्या राहिलेल्या माणसाची धडगत नाही. हे दोघे तर ठणठणीत होते.

आपल्या लेखात ट्रॉम्ब्याबद्दल ओळही नाही, हे खटकलं. भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने डझनभर गट महिन्याभरात कामाला लागले आणि १९८९ संपायच्या आत ‘बीएआरसी-१५००’ हा अहवाल निघाला. त्यांना न्यूट्रॉनच्या कोट्यवधी पट ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचंच आणखी जड, किरणोत्सारी रूप, मिळालं. नेहमीच्या संलयनात ही दोन्ही साधारण बरोबरीने निघतात. म्हणजे एकतर निसर्गाची अनोळखी वाट, नाहीतर मोजमापात खोट. तड लागण्याआधीच काम थंडावलं. त्या मंडळींना भोंदू म्हणणारे मला पटत नाहीत. त्यांनी निदान ट्रिटियम आणि न्यूट्रॉन मोजून छापले तरी.

गूगलच्या पैशाने काही प्रयोगशाळांनी हा सगळा मामला पुन्हा तपासला आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मधून सांगितलं की पुरावा मिळाला नाही. लेखात ज्याला ‘नवी आशा’ म्हटलंय तो ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा २०२५चा प्रयोग. पॅलेडियमच्या एका बाजूने ड्युटेरियमचे आयन आदळवायचे, दुसऱ्या बाजूने विजेच्या साहाय्याने त्यात आणखी ड्युटेरियम भरायचं. संलयनाचा वेग १५ टक्क्यांनी वाढला, आणि तो न्यूट्रॉन मोजून ठरवला. काम चोख आहे. पण आत गेले १५ वॉट आणि बाहेर आला एका वॉटचा अब्जावा भाग. या हिशेबावर घरात दिवा लागायची वाट पाहणं मी तरी सोडलंय. संशोधनाला मात्र पैसे मिळावेत, आपल्याकडेही.

एवढीच विनंती, की अशी बातमी छापताना मथळ्याखाली आत किती वॉट गेले आणि बाहेर किती आले, हे द्यावं. सोन्याची असेल तर वजन द्यावं, आणि जमल्यास येत्या रविवारीच. पाटल्यांचा मुहूर्त जवळ आलाय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नवी मुंबई