चि. माऊस, फोन ठेवल्यानंतर

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. आई म्हणते फोनच करा. पण फोनवर माझ्या तोंडून आधी प्रश्न निघतात आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या कराराबद्दल या पत्रात विचारणार नाही, असं आईला कबूल केलं आहे.

आधी ते वाक्य. तू सांगत होतीस की तुझ्या पहिल्या पेपरात, त्या छापून आलेल्या शोधनिबंधात, जे दिसलं होतं ते प्रयोगात जास्त माणसं घेतल्यावर दिसेना, म्हणून जुन्या फायली उघडल्यास, तेव्हा काही नोंदी भलत्याच गटात गेलेल्या सापडल्या, आणि आता पेपर मागे घेण्याचं पत्र संपादकांना पाठवणार आहेस. त्यावर मी म्हणालो, "नवी नेमणूक होईपर्यंत थांब ना. कोणाला कळतंय?" तू काहीच बोलली नाहीस. मग फोन बंद झाल्याचा आवाज आला.

तूच मला सांगितलं होतंस की चुकीचं बटण दाबलं गेलं की शंभर मिलिसेकंदांच्या आत माणसाच्या डोक्यावर, मध्यभागी जरा पुढच्या बाजूला, एक ऋण तरंग उमटतो. "अरे, चुकलं" म्हणायलासुद्धा वेळ मिळालेला नसतो तेव्हा. ज्यांचा स्वभाव काळजी करण्याचा, त्यांच्यात तो बहुधा मोठा येतो, हेही तूच सांगितलंस. रविवारी माझ्या डोक्यावर मेंदूचे तरंग टिपणारी तुझी ती तारांची टोपी असती तर तुला वेगळ्या माफीची गरज लागली नसती. शब्द तोंडातून सुटतानाच मला कळलं होतं. तरी मी ते परत घेतले नाहीत. ते आता घेतो.

ते शब्द माझे नव्हते, हे तुला आजवर सांगितलेलं नाही.

दादाचं ऑपरेशन झालं ते वर्ष. आमच्या टेस्ट बेंचवरचं स्टँडर्ड मीटर तपासणीसाठी बाहेर गेलं होतं. ते नसताना बाकीची मीटरं तपासायची कशाशी ताडून? पण तक्ते त्याच आठवड्यात जायचे होते. वरिष्ठ म्हणाले, मागच्या महिन्याचे आकडे थोडे इकडेतिकडे करून टाका, कोणाला कळतंय? मी टाकले. दोन तक्ते, दोन्हींवर माझी सही. कोणालाच कळलं नाही. आईलासुद्धा नाही. तू तेव्हा आठ वर्षांची होतीस आणि शनिवारी माझ्याबरोबर यायचीस, स्टुलावर उभी राहायचीस. काट्याच्या मागे आरशाची पट्टी असते ती मी तुला दाखवली होती. काटा आणि आरशातला काटा एकावर एक येऊन दुसरा दिसेनासा होईपर्यंत डोकं हलवायचं, आणि मगच आकडा वाचायचा. तू एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून वाचायचीस. आकडा बरोबर आला तरी म्हणायचीस, थांबा बाबा, पुन्हा शून्य बघू. त्या सह्या केल्यानंतरच्या शनिवारी मी तुला नेलं नाही. तुला वाटलं मी रागावलोय.

त्यामुळे तुझ्या पत्राबद्दल माझं म्हणणं एवढंच की ते पाठव. मला विचारायची गरज नव्हती आणि तू विचारलंही नव्हतंस. पाठवलं असशील तर चांगलंच. फक्त त्यानंतरचे महिने कसे जातील ते मला समजत नाही, आणि तिथेच मी अडकतो. डॉक्टरेट झाली, मग एक पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी, मग दुसरं. दर वेळी दोन वर्षं, दर वेळी नवा देश, नवी प्रयोगशाळा आणि नव्याने अनुदानाचे अर्ज. चौतीस वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षी आपलं टेबल कुठे असेल ते माहीत नसावं, ही कोणत्या शास्त्राची रीत? असो. विचारणार नाही म्हटलं होतं.

लोक अजून मला विचारतात, मुलगी मानसशास्त्रज्ञ ना, मग दवाखाना कुठे? मी सांगतो, ती रुग्ण तपासत नाही. माणसांचे स्वभाव वेगवेगळे का असतात आणि त्या वेगळेपणाची खूण शरीरात कुठे सापडते का, ते ती शोधते. इथपर्यंत मला नीट सांगता येतं. पुढे ते विचारतात, सापडली का? तेव्हा मी तुझंच उत्तर देतो: थोडी थोडी, आणि प्रत्येक वेळी वाटली होती त्यापेक्षा कमी. तू एकदा पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं होतंस. स्वभाव आणि शरीराची एखादी नोंद यांच्यातला खरा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.२ इतका लहान असेल, तर तो नीट पकडायला दोनशेच्या आसपास माणसं लागतात. चाळीस माणसांत तो दिसलाच, तर असतो त्याहून मोठा दिसतो. कमी माणसांत मोठा आकडा आला की जास्त घाबरायचं, असं म्हणाली होतीस. तो कागद माझ्याकडे आहे. त्याच्यावर मी औषधांच्या वेळा लिहिल्या आहेत, तेवढं माफ कर.

त्याच कागदाखाली माझी रेघ आहे, माझ्या घामाच्या नोंदीची. तुझ्या प्रयोगशाळेत आलो होतो तेव्हाची. तू मला नुसत्या पाण्याने हात धुवायला सांगितलंस, साबण नको म्हणालीस. मग डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर, मधल्या पेरावर, जेल भरलेल्या दोन छोट्या वाट्या चिकटवल्यास. अर्धा व्होल्ट, म्हणालीस, काही जाणवणार नाही. पडद्यावर मायक्रोसीमेन्स, म्हणजे वीज किती सहज जाते त्याचं माप, लिहिलेलं बघून मला फार बरं वाटलं, कारण आम्ही शिकलो तेव्हा त्याला म्हो म्हणायचे, ओहम उलटा वाचून. म्हणजे तू जे मोजतेस ते माझ्याच घरातलं निघालं. तळहातावर घामाची छिद्रं दाट असतात, आणि मन दचकलं की ती आतून भरतात. डोळ्यांना घाम दिसतही नाही, पण वीज जायला वाट मिळते. तू हेडफोनमधून एक मोठा आवाज दिलास. काही झालं नाही. मग दोनेक सेकंदांनी रेघ वर निघाली, सावकाश, चढाला लागलेल्या माणसासारखी. दुसऱ्या आवाजाला थोडी कमी. सहाव्या-सातव्या आवाजाला जवळजवळ सपाट. सवय होते, म्हणालीस, पण काहींना होतच नाही, आणि मला त्यांच्याबद्दलच जाणून घ्यायचंय.

मग सगळं संपल्यावर, वाट्या काढायच्या आधी, तू सहज विचारलंस, "बाबा, गोळ्या वेळेवर घेता ना?"

मी हो म्हणालो. रेघ इतकी चढली की तुला पडद्याचं माप बदलावं लागलं. मी म्हटलं, पकडलंस. तू हसली नाहीस. म्हणालीस, "यावरून एवढंच कळतं की आत काहीतरी हललं. खोटं बोललात, की घाबरलात, की माझं विचारणं आवडलं नाही, ते घाम सांगत नाही." आणि अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या मानसशास्त्रज्ञाचं, डेव्हिड लिकनचं, सांगितलंस. ज्यांना मनोविकृत म्हणतात अशा माणसांना विजेचा झटका बसण्याआधी इतरांइतका घाम येत नाही, हे त्याने १९५७ मध्ये याच तऱ्हेच्या मोजमापाने दाखवलं. आणि मग तोच माणूस कित्येक वर्षं खोटं पकडणाऱ्या यंत्राविरुद्ध लिहीत राहिला, कारण हे यंत्र निरपराध पण घाबरलेल्या माणसाला खोटारडा ठरवतं हे त्याला दिसत होतं. अमेरिकेत १९८८ मध्ये कायदा झाला आणि बहुतेक खासगी मालकांना नोकरीसाठी ते यंत्र लावायची बंदी आली. आपल्या हातातल्या यंत्राला काय सांगता येत नाही ते सांगायला धैर्य लागतं. मी तीस वर्षं मीटरं हाताळली, मला त्याची किंमत कळते. तुझ्यात ते धैर्य आहे. हे तुला तोंडावर कधी म्हणालो नाही.

गोळ्या आता वेळेवर घेतो. आईला विचार.

तुझ्या या सगळ्याची सुरुवात मला विचारशील तर त्या लिंबाच्या दिवशी झाली. नववीत होतीस. कुठल्याशा मासिकात वाचून आलीस आणि कापसाच्या काडीला मधोमध दोरा बांधून ती तराजूसारखी आडवी टांगलीस. आधी एक टोक जिभेवर अर्धा मिनिट धरायचं, मग लिंबाच्या रसाचे चार थेंब जिभेवर टाकून दुसरं टोक धरायचं, आणि काडी सोडायची. लिंबाच्या बाजूला झुकली तर माणूस अंतर्मुख. दादाची सरळ राहिली, माझी जराशी कलली. आणि आजीची काडी धाडकन झुकली. सगळे हसले, कारण आजी दिवसभर बोलायची. तू मात्र वहीत "आजी: अंतर्मुख" असं लिहिलंस आणि ते खोडायला तयार झाली नाहीस. नंतर तिच्या खोलीत तिने लिहून ठेवलेलं जे सापडलं, ते वाचल्यावर मला तुझी वही आठवली. बहुधा योगायोग असेल. एका काडीवरून काही ठरवू नये, हे तूच म्हणशील.

ती काडी ज्याच्या कल्पनेवर उभी, त्या मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंकबद्दल मी मुद्दाम वाचलं. बर्लिनमध्ये १९१६ साली जन्म, कोवळ्या वयात जर्मनी सोडून लंडन. अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून त्याला बाहेरची गडबड लवकर पुरे होते, हे त्याने १९६७ मध्ये मांडलं आणि पुढच्या पिढ्यांना मोजायला काहीतरी दिलं. तो १९९७ मध्ये गेला. आणि २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने त्याचे, एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेले, २६ शोधनिबंध भरवशाचे नाहीत असं म्हटलं. स्वभावामुळे कॅन्सर आणि हृदयविकार होतो असं सांगणारे. किती आजारी माणसांनी ते वाचून स्वतःच्या स्वभावाला दोष दिला असेल? आणि उत्तर द्यायला तो माणूसच नाही. तुझा पेपर तू हयात असताना, स्वतः, कोणी न विचारता मागे घेते आहेस. मी नेमणूक करणाऱ्या समितीत असतो तर एवढ्या एका गोष्टीवर तुला घेतलं असतं. पण मी समितीत नाही, आणि समितीत कोण असेल ते मला माहीत नाही, आणि ती माणसं अर्जावरचे पेपर मोजत असतील तर एक कमी भरेल. बघ, पुन्हा तिथेच आलो.

मी उपदेश करायला लागलो की तू "हं, हं" म्हणतेस, ते इथून ऐकू येतं. तरी एक सांगतो. दुसऱ्या विद्यापीठातल्या त्या संख्याशास्त्राच्या जागेला नाही म्हणण्याआधी दोन दिवस घे. दोन अर्ज जास्त कर. पैसे लागले तर माग, माझ्याकडे न मागणं हा शहाणपणा नाही. आणि रात्री दोनला मेंदूच्या नोंदींत मिसळलेल्या डोळ्यांच्या उघडझापीच्या खुणा पुसत बसतेस ते बंद कर, ते काम सकाळीही तितकंच होतं. झालं. हे लिहायचं नव्हतं.

आणखी एक मनात आहे. मेंदूचे तरंग माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा टिपणारा हान्स बर्गर, त्याची हकिगत तूच मला पाठवली होतीस. तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडून तो तोफगाड्याच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, ठीक आहेस ना? घरी बहिणीला अचानक वाटलं होतं की याला काहीतरी झालंय, आणि तिने वडिलांना तार करायला लावली. हे कसं घडलं, मनाची कोणती शक्ती इतक्या लांब पोचते, ते शोधायला हा माणूस डॉक्टर झाला. ती शक्ती सापडली नाही. १९२४ मध्ये तरंग सापडले. आपण मोजतोय ते खरंच मेंदूचं आहे की स्नायूंचं की यंत्राचं, याची खात्री करण्यात त्याने पाच वर्षं घालवली, स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या, डोक्यावर इलेक्ट्रोड लावून पुन्हा पुन्हा नोंदी घेतल्या, आणि १९२९ मध्ये छापलं. तरी जगाने मान डोलवायला १९३४ उजाडलं.

तू ते मला शून्य बघण्याच्या गोष्टीसाठी पाठवलं होतंस. मी पुढे वाचत गेलो आणि शेवटी त्याने आपला जीव आपणच घेतला तेही वाचलं. त्या रात्री मी तुला दोनदा फोन लावला होता. तू म्हणालीस, काय झालं बाबा, इतक्या उशिरा? मी म्हणालो, काही नाही, आईचा चष्मा सापडत नव्हता, तुला आठवतं का विचारायला केला. चष्मा आईच्या नाकावर होता.

तर ही माझी तार समज.

आई म्हणते शनिवारी दुपारी तू मोकळी असतेस. फोन वाजला की मी उचलेन, आणि तू पेपरबद्दल सांगशील तेव्हा ऐकेन. ते दोन तक्ते कोणत्या महिन्याचे ते मी एका चिठ्ठीवर लिहून कपाटात ठेवलं आहे. त्याचं आता काय करायचं ते तुला विचारायचं आहे, कारण घरात दुसरं कोणाला विचारू?

आणि माऊ, करार मार्चअखेर संपतो की एप्रिलअखेर? तेवढं फक्त कळव.

तुझा,
बाबा