गाडीच्या बातमीत बॅटरीचा तपशीलही छापावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात अलीकडे नियमित येतात, आणि वीजक्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालेला वाचक म्हणून मी त्या आवर्जून वाचतो. युरोपात नवी गाडी आली की ‘अवघ्या १८ मिनिटांत चार्ज’ असा मथळा येतो, आणि निपाणी, चिकोडी किंवा खानापूरकडचा माणूस तो आकडा मनात धरून शोरूमची पायरी चढतो. आकडा खोटा नसतो. मात्र तो कोणत्या बॅटरीचा, कोणत्या चार्जरवरचा आणि किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंतचा, हे बातमीत क्वचितच सापडते.

युरोपात एकाच नावाची गाडी दोन-तीन बॅटऱ्यांसह विकली जाते आणि बॅटरी बदलली की चार्जिंगचा वेगही बदलतो. फियाट ५००ई २४ आणि ४२ किलोवॅट-तास अशा दोन बॅटऱ्यांत आली. पहिली जास्तीत जास्त ५० किलोवॅटने वीज घेते, दुसरी ८५ किलोवॅटने. (किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले युनिटच, आणि किलोवॅट म्हणजे वीज भरण्याचा वेग.) रेनो ५ मध्ये ४० युनिटांची बॅटरी ८० किलोवॅटपर्यंत आणि ५२ युनिटांची १०० किलोवॅटपर्यंत जाते. याचे कारण सरळ आहे. बॅटरीत सेल जितके जास्त, तितका विजेचा भार प्रत्येक सेलवर कमी येतो, म्हणून मोठी बॅटरी जास्त वीज सोसते. त्यामुळेच लहान बॅटरी लवकर भरेल हा आपल्याकडचा सर्वसाधारण समज बरेचदा चुकतो. महिंद्राच्या बीई ६ या गाडीत ५९ युनिटांची बॅटरी १४० किलोवॅटने आणि ७९ युनिटांची १७५ किलोवॅटने भरते, पण २० ते ८० टक्क्यांपर्यंतचा वेळ कंपनी दोन्हींसाठी २० मिनिटेच सांगते.

१८ मिनिटांचा जो आकडा सर्वांच्या तोंडी आहे, तो ह्युंदाईच्या आयोनिक ५ सारख्या, ८०० व्होल्टच्या रचनेवर चालणाऱ्या गाडीचा आहे. ३५० किलोवॅटचा चार्जर मिळाला तर ही गाडी १० वरून ८० टक्क्यांवर तेवढ्या वेळात जाते. भारतात ती ७२.६ युनिटांच्या बॅटरीसह आली, म्हणजे या सत्तर टक्क्यांसाठी सुमारे ५१ युनिटे वीज लागते. महामार्गावर आपल्याला बहुधा ६० किलोवॅटचा चार्जर भेटतो. तो पूर्ण क्षमतेने चालला तरी हिशेबाने ५१ मिनिटांच्या आत हे काम होणे शक्य नाही. अशा अनेक चार्जरना दोन गन (गाडीला लावायची केबलची तोंडे) असतात आणि दुसरी गाडी लागली की वीज दोघांत वाटली जाते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरील एका हॉटेलच्या आवारात मी हे स्वतः पाहिले आहे. शेजारी दुसरी गाडी येऊन लागली आणि पडद्यावरचा आकडा ३० किलोवॅटच्याही खाली आला. कोल्हापूरच्या दवाखान्यात वेळेवर पोहोचायचे असलेले कुटुंब पहिल्या गाडीत बसून होते. बातमीतल्या मिनिटांवर प्रवास आखणाऱ्याची फजिती होते ती अशी.

वेळ सांगताना ८० टक्क्यांवर का थांबतात, हेही वाचकाला एकदा समजावून सांगावे. खानापूरच्या बसमध्ये पहिली माणसे भराभर जागा धरतात आणि शेवटच्यांना एकेक सीट शोधावी लागते, तसेच बॅटरीचे आहे. भरत आली की ती वीज घेण्याचा वेग स्वतःहून उतरवते. जाहिरातीतले किलोवॅट हा त्या वेगाचा कळस असतो आणि काही गाड्यांत तो थोडीच मिनिटे टिकतो. म्हणून नुसता ‘१०० किलोवॅट’ असा आकडा छापण्यापेक्षा १० ते ८० टक्क्यांचा वेळ छापलेला मला अधिक प्रामाणिक वाटतो.

घरच्या चार्जिंगची गोष्ट वेगळी आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे, कारण बेळगावसारख्या शहरात बहुतेक गाड्या रात्री दारातच भरल्या जाणार. युरोपातील अनेक देशांत घरात थ्री-फेज जोडणी सहज मिळते आणि तिथल्या गाड्या त्यावर ११ किलोवॅटने चार्ज होतात. आपल्याकडे बहुसंख्य घरांत सिंगल-फेज मीटर आहे. साध्या १५ अँपियरच्या सॉकेटवर ४५ युनिटांची बॅटरी भरायला पंधरा तास किंवा त्याहून जास्त लागतात, ७.२ किलोवॅटचा वॉल-बॉक्स (भिंतीवरचा चार्जर) बसवला तर साडेसहा-सात तास. तो बसवण्याआधी हेस्कॉम या आपल्या वीज वितरण कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो का, घराचे वायरिंग आणि अर्थिंग तेवढे सक्षम आहे का, हे तपासावे लागते. शोरूममध्ये हा विषय बहुधा निघतच नाही.

नाव एक आणि गाडी वेगळी, हाही घोळ आहे. सिट्रोएनची ईसी३ भारतात २९.२ युनिटांच्या बॅटरीसह आली, तर युरोपातील त्याच नावाच्या गाडीत ४४ युनिटांची बॅटरीही मिळते आणि ती १०० किलोवॅटने भरते. ह्युंदाई कोना युरोपात ३९.२ आणि ६४ अशा दोन बॅटऱ्यांत मिळत होती. आपल्याकडे फक्त लहान आली. तिकडच्या परीक्षणाचा अनुवाद जसाच्या तसा छापला, तर इथला वाचक कधीच न मिळणाऱ्या गाडीचे गुण वाचून पैसे मोजतो.

एका चार्जमध्ये गाडी किती धावते, त्या किलोमीटरच्या आकड्यांचेही तसेच. युरोपात डब्ल्यूएलटीपी नावाची चाचणी आहे, आपल्याकडची चाचणी निराळी आणि बरीच उदार आहे. नेक्सॉनच्या ४५ युनिटांच्या मॉडेलला आपल्या चाचणीत ४८९ किलोमीटर मिळतात, पण प्रत्यक्ष वापरासाठी टाटा मोटर्स स्वतःच ३५० ते ३७० चा अंदाज देते. त्यातही बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्याला जाताना बॅटरी फारशी खर्च होत नाही, उलट उतारावर थोडी भरते. परतताना तोच घाट चढायचा असतो. जाताना दिसलेल्या टक्क्यांवर परतीचा हिशेब करू नये, हे आंबोलीच्या वाटेलाही लागू आहे.

बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), हा तपशील तर बातमीतून जवळजवळ नेहमीच गळतो. एलएफपी बॅटरी अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरावी असे अनेक कंपन्या सांगतात. एनएमसी रोजच्या वापरात ८० टक्क्यांच्या आसपास ठेवावी असा सल्ला असतो. वापराची ही सवय गाडी घेण्याआधी माहीत हवी. युरोपीय संघाने तर कायदाच केला असून १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या बॅटरीला तिची माहिती देणारा डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होणार आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की यापुढे विजेच्या गाडीची बातमी देताना किमतीशेजारी प्रत्येक व्हेरिएंटची बॅटरी किती युनिटांची व कोणत्या प्रकारची, १० ते ८० टक्क्यांना किती किलोवॅटच्या चार्जरवर किती वेळ, घरच्या जोडणीवर किती तास, आणि हे आकडे भारतातल्या मॉडेलचे की युरोपातल्या, एवढे आपण छापावे. तीन-चार ओळींची जागा लागेल. सीमाभागातील शोरूमचालकांनीही हाच तपशील मराठी आणि कन्नडमध्ये दर्शनी भागात लावावा, असे आवाहन आपल्या स्तंभातून व्हावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
टिळकवाडी, बेळगाव