दुप्पट ओटी, पण कुणाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पहिल्या पानावरची ओव्हरटाइम (ओटी) दुप्पट झाल्याची बातमी दोनदा वाचली, आतल्या पानावरचा उरलेला मजकूरही वाचला, म्हटलं कुठेतरी येईल. नाही आलं. दुप्पट ओटी कुणाला मिळणार नाही याबद्दल त्यात एक ओळ नाही. आणि दुप्पट आत्ताच झाला असं कसं छापता तुम्ही? १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ५९ ला दुप्पटच होता, दिवसाचे ९ किंवा आठवड्याचे ४८ तास झाले की पुढचा प्रत्येक तास दुप्पट. दराची भानगड कधी नव्हतीच. भानगड आहे ती कामगार कुणाला म्हणायचं याची, आणि तिथेच आमच्यासारख्यांचं वाटोळं झालं.

मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत ग्राइंडिंगला होतो. २०१६ च्या दसऱ्याला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, पेढा दिला, हातात लेटर दिलं, ज्युनियर ऑफिसर. घरी सगळ्यांना आनंद, आई तर शेजारी सांगून आली मुलगा स्टाफमध्ये गेला म्हणून. पगार १८,२०० चा २०,७०० झाला. पुढच्या महिन्यात स्लिप हातात आल्यावर कळलं की ओटीचा रकानाच गेलाय. हिशेब सांगतो. १८,२०० ला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं तर ताशी साडेसत्त्याऐंशी रुपये, दुप्पट केले की १७५. महिन्याला ३५ तास ओटी व्हायचाच, म्हणजे ६,१२५ रुपये. ते गेले आणि आले किती, तर २,५००. युनियनची मेंबरशिप गेली ती वेगळीच. मशिन मात्र तेच, शिफ्ट तीच, फक्त निळ्या शर्टाच्या जागी पांढरा शर्ट, आणि तो कूलंटने आठवड्यात पिवळा व्हायचा.

एक रात्र अजून डोक्यातून जात नाही. मार्च एंडिंग होतं, डिस्पॅच अडकलेला, थर्ड शिफ्टला एक ऑपरेटर आलाच नाही. मी सकाळी सातला आलेलो, मलाच थांबवलं. दोन मशिन होती, एकावर मी आणि शेजारच्यावर माझ्याबरोबर लागलेला एक जण, तोही डबल शिफ्ट करत होता. रात्रभर दोघांनी सारखाच जॉब काढला, अडीचला एकाच डब्यातलं खाल्लं. सकाळी त्याने ओटीची स्लिप पुढे केली आणि म्हणाला, "साहेब, सही करा." कालपर्यंत अरे-तुरे करणारा माणूस. त्याच्या ८ तासांवर मी सही केली, माझ्या तासांची स्लिपच नव्हती. सी-ऑफ, म्हणजे जादा कामाच्या बदल्यात सुट्टी, मागितला तर ऑफिसरला सी-ऑफ नसतो म्हणाले.

पुढे मी लेखी अर्ज केला की माझं काम ऑपरेटरचंच आहे, मला ओटी द्या. तेव्हा एचआरने काय पुरावा काढावा? त्याच स्लिपा! हे बघा, हे दुसऱ्यांच्या ओटीवर सह्या करतात म्हणजे हे सुपरवायझर. अहो, त्या स्लिपवर खाली प्लँट हेडची सही झाल्याशिवाय टाइम ऑफिस ती घेतच नव्हतं. मला कुणाची अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता, मेमो द्यायचा नव्हता, माणूस ठेवायचा किंवा काढायचा तर प्रश्नच नाही. मी सही करायचो ती फक्त हा माणूस रात्री मशिनवर होता एवढं सांगायला.

१९८५ साली सुप्रीम कोर्टाने सिबा-गायगी कंपनीच्या एका असिस्टंटच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की पदाचं नाव बघू नका, माणसाचं मुख्य काम काय ते बघा, इकडची तिकडची चार कामं जास्तीची दिली म्हणून तो कामगार राहत नाही असं नाही. हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. कंपनीच्या वकिलाला ते आधीपासून माहीत असणार, पण तो कशाला सांगेल.

आता केंद्राच्या नवीन कामगार कायद्यांचं, म्हणजे चार लेबर कोडचं बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू झाले. त्यातल्या औद्योगिक संबंधांच्या आणि कामाच्या सुरक्षिततेच्या कोडमध्ये सुपरवायझरी काम करणाऱ्याचा पगार १८,००० च्या वर गेला की तो वर्कर नाही. आधी औद्योगिक विवाद कायद्यात हा आकडा १०,००० होता, म्हणून वाढवला म्हणायचं, पण आज एमआयडीसीत सुपरवायझर म्हणवणारा कोण १८,००० च्या आत आहे? आणि मॅनेजर म्हणून काम करतो असं ठरलं तर पगाराची अटच नाही, १५,००० घेत असला तरी तो बाहेर. तुमच्या बातमीत एम्प्लॉई आणि वर्कर दोन्हीला सरसकट कामगार लिहिलंय. वेतनाच्या कोडमध्ये एम्प्लॉईत सुपरवायझर, मॅनेजर सगळे येतात, वर्करमध्ये मॅनेजर येत नाहीत आणि ठराविक पगाराच्या वरचे सुपरवायझरही येत नाहीत. या एका शब्दावर लोकांचे महिन्याचे पाच-सहा हजार जातात, तो तरी नीट छापा.

त्यात राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यात दिवसाचे ९ चे १२ तास करायला आणि तिमाही ओटी ११५ चा १४४ तास करायला मंजुरी दिली, तेव्हा कामगाराची लेखी संमती घेणार असं सांगितलं. ज्याला कागदावर ऑफिसर केलंय त्याची संमती कोण घेणार? त्याच्या तासांची मोजणीच होत नाही.

राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात मॅनेजर-सुपरवायझर म्हणून ज्यांना वगळायचं त्यांची यादी वेबसाइटवर, नाहीतर आस्थापनेत दिसेल अशी लावायची तरतूद आहे. कारखान्याच्या गेटवर पण अशी यादी लावायला लावा, नाव, पद आणि प्रत्यक्ष काम काय, तिन्ही. यावर तुमच्या वार्ताहराने लिहावं अशी माझी विनंती आहे.

आणि अजून एक, राहवत नाही म्हणून लिहितो. तुमच्याच पेपरच्या नोकरीच्या जाहिरातींत "वेळेचे बंधन न पाळणारा सुपरवायझर पाहिजे" असं दर आठवड्याला छापून येतं, पगाराचा आकडा नसतो. पहिल्या पानावर आठ तासांचं कौतुक आणि आत हे. पैसे घेऊन छापता, निदान वाचून तरी छापा.

माझ्या भाच्याला मागच्या आठवड्यात असिस्टंट मॅनेजर, प्रॉडक्शन असं लेटर मिळालं, पगार २१,०००, काम सीएनसी मशिन चालवायचं. मला विचारतो, मामा, घेऊ का? मी त्याला म्हटलं, आधी काम काय ते लेखी घे आणि रोजच्या पंचिंगचा फोटो काढून ठेव.

आपला,
एक माजी ज्युनियर ऑफिसर, सातपूर, नाशिक