वेळेनुसार वीजदर ऐच्छिक हवा
घरगुती ग्राहकांना वेळेनुसार वीजदर (दुपारी कमी, संध्याकाळी जास्त) लावावा, असे सुचवणारा लेख वाचला. दुपारी सौरवीज मुबलक असते आणि संध्याकाळी मागणी शिगेला पोहोचते, हे खरेच. पण घरातला किती वापर मागेपुढे करता येतो? २ किलोवॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट वीज घेतो. १० वॅटच्या एलईडी दिव्याला तेवढ्यासाठी १०० तास लागतात. गिझर, वॉशिंग मशीन, गाडीचे चार्जिंग दुपारवर ढकलता येईल (तेही गाडी दुपारी घरी असेल तर). दिवे-पंखे मात्र लागतील तेव्हाच लावावे लागतात. ज्यांच्या घरात फारसे दुसरे काही नाही, त्यांच्यासाठी संध्याकाळचा चढा दर ही जवळपास दरवाढच. अशा छोट्या ग्राहकांवर ही पद्धत लादू नये, निवड त्यांच्यावर सोडावी.