हप्ते बांधून झाल्यानंतरची चार वर्षे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कर्जवसुलीच्या जाचाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्यावर वाचकांची पत्रेही येतात. ती बहुधा दोन प्रकारची असतात: काही बँकांना दोष देतात, काही कर्ज काढणाऱ्याच्या चैनीला. या दोहोंमध्ये एका माणसाचा विचार राहून जातो. त्याने कर्ज बुडवलेले नसते, तो गाव सोडून गेलेला नसतो. देणेकऱ्यांशी, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांच्याशी, बोलून त्याने हप्ते बांधून घेतलेले असतात आणि पुढची चार-पाच वर्षे तो ते भरत राहणार असतो. पुण्यातील एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. अशा माणसांना महिन्यातून एकदा आपल्यासारख्याच इतरांबरोबर बसता येईल अशी जागा या शहरात असावी, एवढेच सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ब्रिटनमध्ये अशा परतफेडीची रीत ठरून गेलेली आहे. तेथे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्टेपचेंज’सारख्या धर्मादाय संस्था कर्जदाराकडून शुल्क न घेता त्याच्या घरखर्चाचा हिशेब मांडतात, घरभाडे, वीज, कर अशा टाळता न येणाऱ्या रकमा आधी बाजूला काढतात आणि उरलेली रक्कम विनातारण कर्ज देणाऱ्यांमध्ये ज्याच्या त्याच्या येणे रकमेच्या प्रमाणात वाटतात. ही व्यवस्था देणेकऱ्यांवर कायद्याने बंधनकारक नसते, व्याज थांबवण्याची त्यांना विनंतीच करावी लागते. या विनंतीचे महत्त्व आकड्यांवरून कळेल. समजा, एका कुटुंबाकडे घरखर्च जाऊन दरमहा १२,००० रुपये उरतात आणि वैयक्तिक कर्जाचे ३ लाख, क्रेडिट कार्डाचे २ लाख व पतसंस्थेचे १ लाख अशी ६ लाखांची बाकी आहे. प्रमाणाने वाटणी केली तर ६,०००, ४,००० आणि २,००० रुपयांचे हप्ते पडतात, आणि तिघांनीही व्याज थांबवले तर ५० महिन्यांत कर्ज फिटते. मात्र कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांनी चालूच राहिले, तर पहिल्याच महिन्यात त्या २ लाखांवर ७,००० रुपये चढतात आणि ४,००० भरणाऱ्याची बाकी वाढत जाते. म्हणून हप्ते बांधताना व्याजाविषयीचे उत्तर लेखी घेतले पाहिजे. आमच्या खात्यात ही गोष्ट किती जणांना नीट समजावून सांगितली जाई, याविषयी मी न बोललेलेच बरे.

आपल्याकडे सर्व कर्जांची अशी एकत्रित सोय रूढ नाही. प्रत्येक बँक आपापल्या धोरणाप्रमाणे कर्जाची पुनर्रचना किंवा एकरकमी तडजोड करते, पतसंस्थेचे प्रकरण सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यापर्यंत जाते, आणि काही प्रकरणे शिवाजीनगरच्या न्यायालयात लोकअदालतीच्या दिवशी मिटतात. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आर्थिक साक्षरता व पतसमुपदेशन केंद्रांची योजना बँकांपुढे ठेवली होती. २०१२ नंतर या केंद्रांचा भर खाती, बचत आणि सर्वसाधारण अर्थसाक्षरतेकडे वळला. मधल्या मोकळ्या जागेत ‘कर्जमुक्त करून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ शिरले आहेत. त्यांतील काही जण आगाऊ पैसे घेतात आणि सगळे हप्ते एकदम थांबवायला सांगतात. पुढे चढणारा दंड आणि सिबिलच्या पतनोंदीवर उमटणारा डाग मात्र कर्जदाराच्या वाट्याला येतो.

हप्ते बांधून देणे पुणे जिल्ह्याला नवे नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून पेटलेल्या आणि सावकारांचे कर्जरोखे जाळणाऱ्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा आणि रक्कम हप्त्यांनी फेडू देण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला, कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद केली आणि दोन्ही पक्षांत समेट घडवणारे लोक नेमण्याची तरतूद केली. समेट झाल्यावर शेतकऱ्याने वर्षानुवर्षे ते हप्ते कसे निभवावेत, याची तजवीज मात्र त्याही कायद्यात नव्हती, आणि आपल्याकडे आजही ती दिसत नाही.

माझ्या पाहण्यात, बांधून दिलेले हप्ते पहिल्या सहा महिन्यांत क्वचितच थकत. तेव्हा घरातले सगळे काटकसरीला तयार असतात आणि फोन थांबल्याचे समाधान ताजे असते. हप्ते थकत ते दुसऱ्या वर्षात, आणि कारण बहुधा साधे असे. जूनमध्ये शाळेची फी व वह्या-पुस्तके, मग विम्याचा वार्षिक हप्ता, पाठोपाठ गणपती, दिवाळी, आणि मध्येच जवळच्या नात्यातले लग्न व त्यातला आहेर. महिन्याच्या हिशेबात काटेकोर बसवलेले घर वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी कोलमडते आणि एक हप्ता चुकतो. चुकला म्हणून माणसाला लाज वाटते, लाजेपायी तो बँकेचा फोन उचलत नाही, आणि फोन उचलला नाही म्हणून आमच्याकडे त्याच्या फायलीवर ‘टाळाटाळ’ असा शेरा पडतो. तोच माणूस त्याच आठवड्यात शाखेत येऊन ‘या महिन्यात निम्मेच जमतील’ असे लेखी देता, तर मला माहीत असलेल्या बहुतेक अधिकाऱ्यांनी ते कागद आनंदाने ठेवून घेतले असते. पण हे त्याला सांगणार कोण? मी सांगितले तर त्याला त्यात वसुलीचा डाव दिसे, आणि माझी खुर्ची पाहता त्याचा संशय वावगा नव्हता. त्याच फेऱ्यातून गेलेला, अजूनही हप्ते भरत असलेला माणूस सांगेल तर तो ऐकेल.

अशा माणसांपाशी जे ज्ञान साठलेले असते ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. वार्षिक खर्चाची बेरीज करून तिचा बारावा भाग दरमहा वेगळ्या खात्यात टाकल्याशिवाय देणेकऱ्याला रक्कम कबूल करू नये, हे ज्याचा जून एकदा कोसळला आहे तोच पटवून देऊ शकतो. थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले जाते तेव्हा नव्या कंपनीचा माणूस पूर्वीच्या तडजोडीविषयी काहीच ठाऊक नसल्यासारखा बोलतो. तेव्हा घाबरून नवी रक्कम कबूल करण्याऐवजी जुन्या पत्राची प्रत आणि भरलेल्या पावत्या पाठवाव्यात, हेही अनुभवी माणसाला ठाऊक असते. वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये दिली आहे. ती अनेकांना माहीत असते, पण रात्री नऊ वाजता फोन आल्यावर कोणत्या शब्दांत बोलायचे आणि तक्रारीसाठी काय टिपून ठेवायचे, हे ऐकून-बोलूनच अंगवळणी पडते. शेवटचा हप्ता भरल्यावर ‘नो ड्यूज’चा दाखला घेणे, वर्षातून एकदा मोफत मिळणारा पतअहवाल मागवून त्यात नोंद नीट झाली आहे की नाही हे पाहणे, अशी कामे तर थकलेला माणूस हमखास पुढे ढकलतो.

आणि जामीनदार. पगारदारांच्या सोसायटीत जामीनदार हा बहुधा शेजारच्या टेबलावरचा सहकारी असतो, कर्जदाराइतकाच तोही कायद्याने जबाबदार असतो, आणि हप्ता चुकला की त्याच्याही पगारावर गदा येऊ शकते. रोज त्याच्याबरोबर डबा कसा खायचा, या प्रश्नाला कोणत्याही समुपदेशकाकडे तयार उत्तर नाही. त्यामुळे सुचवलेल्या बैठकीत जामीनदारांनाही येऊ द्यावे, असे माझे मत आहे. त्यांचे दुःख दुहेरी असते आणि त्यांची विचारपूस कोणीच करत नाही.

समदुःखी माणसांनी एकमेकांना सावरायचे, ही गोष्ट पुण्याने एका क्षेत्रात करून दाखवलेली आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्याने आलेल्यांना आधार देतात. कर्ज म्हणजे व्यसन, असे मला मुळीच म्हणायचे नाही; माझ्यासमोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या कर्जामागे आजारपण, गेलेली नोकरी किंवा बसलेला धंदा होता. घ्यायची ती केवळ पद्धत.

अशा बैठकीचे धोकेही मी जाणतो, म्हणून काही बंधने पहिल्या दिवसापासून हवीत. सभासदांनी आपापसांत उसनवार करू नये, एकमेकांना जामीन राहू नये आणि भिशी तर मुळीच लावू नये, कारण एकदा पैशाचा व्यवहार शिरला की त्या खोलीतही कोणीतरी देणेकरी होतो. विमा विकणारे, तडजोड करून देणारे मध्यस्थ आणि बँकांचे नोकर, निवृत्त असले तरी, आत नसावेत. व्याजाचा वाद, न्यायालयाची नोटीस, घर किंवा सोने तारण असलेले कर्ज अशा बाबतींत गटाने निवाडा देऊ नये. ‘कार्ड फेडायला सोने गहाण टाक’ हा सल्ला देणारा सद्भावनेनेच देतो आणि पुढे दागिने जातात. अशी प्रकरणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा माहितगार समुपदेशकाकडे पाठवावीत. कोणाच्या बोलण्यात जिवाचे बरेवाईट करण्याचा सूर आढळला, तर त्याला एकटे न सोडता शासनाच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकाशी तेथल्या तेथे बोलते करावे. ही बैठक व्हॉट्सअ‍ॅपवर भरवू नये, हेही आग्रहाने सांगतो. कर्ज देणाऱ्या काही अ‍ॅपवाल्यांनी फोनमधील नावांची यादी उचलून नातेवाइकांपर्यंत बदनामी पोहोचवल्याचे ज्यांनी सोसले आहे, ते आपला क्रमांक पुन्हा एखाद्या यादीत घालणार नाहीत, आणि घालू नये.

याला खर्च फारसा नाही. रविवारी दुपारी रिकामी असणारी शाळेची खोली किंवा वाचनालयाचे सभागृह पुरते. महिन्याचा शेवटचा रविवार मला योग्य वाटतो, कारण पगार हातात येण्यापूर्वी पुढच्या महिन्याचा हिशेब मांडता येतो. जागा केवळ पेठांत आणि कोथरूडमध्ये नको. हडपसर, येरवडा आणि भोसरीकडे तिची गरज अधिक आहे. लोकअदालतीत हप्त्यांच्या तडजोडीवर सही करणाऱ्या प्रत्येकाला, तसेच बँका व पतसंस्थांनी पुनर्रचनेच्या पत्रासोबत, या बैठकीच्या वेळेची व पत्त्याची एक चिठ्ठी द्यावी. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रने आणि विधी सेवा प्राधिकरणाने एवढे मनावर घेतले, तरी सुरुवात होऊ शकेल. ज्या शाळा, वाचनालये किंवा मंडळे अशी खोली देऊ शकतील, त्यांनी आपल्या दैनिकाच्या या सदरातून कळवावे, अशी विनंती आहे. वर सांगितलेल्या बंधनाप्रमाणे मी स्वतः आत बसणार नाही. कोणाला व्याजाचा हिशेब किंवा बँकेचे पत्र तपासून हवे असल्यास बाहेर बसून ते विनामूल्य करून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सहकारी बँक अधिकारी
कोथरूड, पुणे